सुंदरा इत्यादी

येसाजीच्या ओटीवर धूळपाटी पुढे घेऊन त्याची आठ वर्षांची लेक सुंदरा 'क्ष' गिरवत होती. 'क्ष'ची गाठ काही केल्या तिच्या बोटाला जमत नव्हती आणि बाप काही केल्या चिडत नव्हता. तेवढ्यात खांद्यावर दुधाची कावड घेतलेला पोपट अंगणात थांबला. पोपट रोज कडावहून कर्जतला दूध घालायला जाई आणि परत येताना तालुक्याची अक्कल घेऊन येई. कुणी मागितली नाही तरी ती गावात वाटून टाकी.

"काय चाललंय रं येसाजी?"

"पोरीला अक्षरं दावतोय."

"परवाना हाय?"

येसाजीला वाटलं, गडी थट्टा करतोय. पण पोपटाने कावड खाली टेकवली. सकाळच्या वेळी दुधाची कावड थट्टेसाठी कोणी खाली टेकवत नाही.

"हे बघ. ताडाला मडकं बांदायचं तर परवाना लागतो का नाय?"

"लागतो."

"फाटा तोडायचा तर?"

येसाजीने नुसते तळपाय चोळले. गेल्या साली स्वतःच्याच बांधावरच्या ऐनाचा एक फाटा तोडला म्हणून रानखात्याच्या शिपायाने त्याला तीन वेळा कर्जतला चालवलं होतं.

"पोरान्ला देवी टोचायचा बी कायदा निगालाय म्हन्त्यात," पोपट म्हणाला. "आता तूच सांग. दंडात घालायला कायदा लागतो, आनी डोस्क्यात घालायला लागत नाय व्हय?"

यावरचं उत्तर घरातच होतं. ते अंबाबाईला सुचलं. येसाजीची ही बायको चुलीपुढून न उठताच म्हणाली, "आवं, कुनाला इचाराय जाऊ नका. इचारलं म्हंजे ते कायतरी सांगत्यात." हे ऐकलं असतं तर येसाजीचं एक वर्ष वाचलं असतं. पण बायकोचं ऐकून गप्प बसला असं गावात होऊ नये म्हणून पुष्कळ पुरुष पुष्कळ उद्योग करतात, आणि येसाजी त्यांच्याहून निराळा नव्हता.

त्याची लिहिण्यावाचण्याची विद्या म्हणजे बाळबोध अक्षरं, तीही उसनी. लग्नाआधी चार हिवाळे तो कर्जतच्या मालधक्क्यावर भाताच्या गोणी मोजायला होता. तिथल्या एका कारकुनाने वेळ जात नाही म्हणून त्याला अक्षरं शिकवली होती. सुंदरा त्याचं एकुलतं एक मूल. सरकारी शाळा अडीच कोसांवर, वाटेत नदी, आणि मुलीला तिथे धाडणार कोण? म्हणून गुरांचं दूध काढून झालं की तासभर तो तिला घेऊन बसे. दिवसातला तेवढा एक तास त्याला मनापासून आवडे. तो तास कायद्यात बसत नाही असं निघालं तर काय, या धास्तीने त्याला दुपारची भाकर गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पोपटाच्या कावडीमागून कर्जतच्या वाटेला लागला.

कचेरीबाहेर चिंचेखाली अबूबकर मुन्शी बसत. हे मूळचे खाडीकाठचे. घरातले बाकीचे सगळे गलबतांवर आणि हे एकटे जमिनीवर, कारण यांना पाण्याची भीती. अर्ज लिहिण्यात मात्र तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी येसाजीचं सगळं ऐकून घेतलं आणि लेखणी कानावरून काढली.

"घरात शिकवू नये, असा कायदा माझ्या बघण्यात नाही," ते म्हणाले.

"मंग झालं तर!"

"थांब. शिकवावं, असाही नाही."

"मंग तेवढंच इचारा की मुन्शीजी. कायदा हाय का नाय, येवढंच."

"नुसतं विचारता येत नाही रे. सरकारला कोणी प्रश्न विचारतं का? अर्ज करायचा. आणि अर्ज केला की काहीतरी मागावं लागतं. आपण परवानगी मागू."

मुन्शींनी अर्ज लिहायला घेतला. 'कडाव येथील रहिवासी येसाजी बिन धर्माजी हा आपले राहते घरी विद्यादान करीत असून' इथपर्यंत लेखणी सुरेख चालली. 'आपली मुलगी सुंदरा हीस' इथे मात्र ती अडली.

"एकच मुलगी?"

"येकच."

"फारच थोडकं दिसतं. एका पोरीसाठी दोन हात लांब कागद! साहेब म्हणतील, मुन्शीला उद्योग नाही. मी पुढे 'इत्यादी' लिहितो."

"म्हंजे कोन?"

"कोणी नाही. नवरा-नवरीमागे चार माणसं उभी राहतात ना, तसं. शोभेला."

येसाजीला शोभेचं वावडं नव्हतं. मुन्शींनी 'सुंदरा इत्यादी' असं लिहून अर्ज पुरा केला आणि शेवटी स्वतःच्या हुशारीची एक ओळ घातली, की हुकूम होईपर्यंत सदरहू विद्यादान बंद ठेविले आहे.

"बंद?" येसाजी दचकला.

"मग? परवानगीही मागायची आणि चालूही ठेवायचं, ही मुजोरी झाली. निकाल लागेपर्यंत एक अक्षर शिकवू नकोस."

कचेरीचा अर्ज मोडीत होता. येसाजीला मोडी येत नव्हती, म्हणून मुन्शींनी त्याला बाळबोधीत एक नक्कल करून दिली. ती उपरण्यात गुंडाळून तो घरी आला आणि धूळपाटी माळ्यावर टाकली.

"आबा, 'क्ष' आला मला," संध्याकाळी सुंदरा म्हणाली. "म्होरलं काय?"

"म्होरलं सरकारला इचारलंय," येसाजी म्हणाला. त्या दिवशी अंबाबाईने भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

अर्ज निघाला चैत्रात. तालुका नुकताच ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्याला जोडला होता. पण ही गोष्ट माणसांना जितक्या लवकर कळली तितक्या लवकर कागदांना कळली नसावी. अर्ज सवयीने ठाण्याला गेला. तिथून 'आमचेकडे नाही' असा शेरा घेऊन परत आला, मग कुलाब्याच्या मुख्य कचेरीची, म्हणजे अलिबागची वाट धरली, आणि सगळीकडचे शिक्के अंगावर घेऊन कार्तिकात कडावच्या चावडीत उतरला. मधल्या काळात सुंदराकडे वाचायला एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे मुन्शींची नक्कल. शिकवायला बंदी होती. वाचायला बंदी आहे असं काही मुन्शी म्हणाले नव्हते. पोरगी रोज ती नक्कल काढी, बोट ठेवून वाची आणि पुन्हा घडी करून देवळीत ठेवी.

चावडीतला कागदही मोडीत. येसाजी तो घेऊन पुन्हा चिंचेखाली गेला. मुन्शींनी तो एकदा मनात वाचला, मग मोठ्याने वाचला, आणि मग पानाचा डबा उघडला.

"काय म्हन्त्यात?"

"विचारतात, अर्जात नमूद केलेले 'इत्यादी' यांची नावं, वयं आणि बापांची नावं कळवावीत. शाळेची इमारत कशी आहे? नकाशा आहे का? घड्याळ आहे का? शिवाय शाळाखात्याचे डिप्टीसाहेब स्वतः येऊन तपासणी करणार आहेत."

"कसली शाळा? माजी वटी हाय ती!" येसाजी म्हणाला. "मुन्शीजी, अर्ज म्हागं घ्या."

"घेऊ. पण मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागतं. इत्यादी नाहीत हे कारण दिलं, तर सरकारला इत्यादी आहेत असं खोटं का कळवलं, याची चौकशी लागते." मुन्शींनी विडा तोंडात टाकला. त्या चौकशीत आपलंही नाव येईल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. "त्यापेक्षा इत्यादी उभे करणं सोपं. निदान वीस तरी कर. त्याहून कमी इत्यादी बरे दिसत नाहीत."

विकतचं श्राद्ध घेतलं म्हणजे सव्यापसव्य आलंच. येसाजी घरोघर फिरला. भात कापून झालं होतं आणि पोरं रिकामी होती, त्यामुळे आयांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मुली मात्र कुणी दिल्या नाहीत. शेजारची जना म्हणाली, "माजे तिनी न्या, पर धाकटा अजून अंगावर पितो." पोपटाने दोन मुलगे दिले, वर ही सगळी कल्पना आपलीच असल्याचं दोनदा सांगितलं. डोंगराकडचा शुक्रा मोळी घेऊन खाली आला होता; त्याने काही न विचारता आपला पोरगा पोशा तिथेच सोडला. मोजले तेव्हा एकवीस इत्यादी भरले.

ओटीवर एकवीस मावेनात. मग गोठा रिकामा केला, शेणाने सारवला, आणि बैल अंगणात आंब्याला बांधले. बैलांना हे पटलं नाही. ते दावं ताणून खिडकीतून आत बघत उभे राहत.

आता पंचाईत अशी, की परवानगी नसल्याने या पोरांना शिकवता येत नव्हतं, आणि न शिकवता बसवून ठेवावं तर ती बसत नव्हती. येसाजीने पुष्कळ विचार केला आणि ठरवलं, की बसायला शिकवायला परवाना लागत नसावा. महिनाभर रोज सकाळी तो एकवीस मुलांना मांडी घालून बसायला शिकवत होता. सुंदरा दाराशी बसून हे बघे. ज्या तासात बापलेक दोघंच असत, त्या तासात आता गोठाभर पोरं होती आणि अक्षर एकही नव्हतं. येसाजीला याचं फार वाईट वाटे, पण वाईट वाटून घ्यायलाही त्याला सवड नव्हती.

मुन्शींनी एकवीस इत्यादींची यादी नावं-वयांसह केली आणि घड्याळाच्या रकान्यात 'कर्जतच्या आगगाडीची शिट्टी' असं लिहून दिलं. नकाशाची सोयही त्यांनीच केली. आपल्या भावाच्या गलबतावरचा एक जुना नकाशा त्यांनी आणून दिला. तो दर्यावर्दी लोकांचा होता. त्यात पाणी फार बारकाईने काढलं होतं आणि जमीन नुसती कोरी सोडली होती.

पौषात डिप्टीसाहेब बैलगाडीतून आले. लाल पगडी, नाकावर चष्मा, बरोबर एक कारकून. वाटेत गाडीने हाडं खिळखिळी केली होती, तरी माणूस तसा शांत होता. ते गोठ्यात शिरले, तेव्हा पोरं इतकी नीट मांडी घालून बसली होती की साहेबांनी कौतुकाने मान हलवली.

"शिस्त उत्तम आहे. यांना काय काय शिकवता?"

"कायपन नाय सायेब," येसाजी हात जोडून म्हणाला. "परवानगी नाय."

साहेबांना तो विनय वाटला. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग छडीने पोशाला उठवलं. "बाळ, यात कडाव कुठे आहे ते दाखव."

पोशाने नकाशा वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि खिडकीबाहेर बोट केलं. "त्यात नाय. कडाव ह्ये काय, हितं हाय."

कारकुनाला खोकला आला. जनाचा धाकटा गव्हाणीत झोपला होता, तो त्या आवाजाने उठून रडायला लागला. बैलाने खिडकीतून तोंड आत घातलं. येसाजीने मनात म्हटलं, संपलं. आता नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर ओटीवरचा तो तास कायमचा गेला. चोरून शिकवलं तर रानखात्यासारखा कोणीतरी शिपाई दारात उभा राहणार.

"यांच्यापैकी कोणाला काही पाठ येतं का?" साहेबांनी विचारलं. पोरं फक्त बसली. तेच त्यांना शिकवलेलं होतं.

"मला येतंय," दारातून सुंदरा म्हणाली.

"ही कोण?"

"माजी लेक, सायेब. सुंदरा."

"म्हण बघू, बाळ."

सुंदरा हात बांधून उभी राहिली आणि एका दमात म्हणू लागली. "मेहेरबान साहेबांचे हुजुरास, कडाव येथील रहिवासी येसाजी बिन धर्माजी याचा सविनय अर्ज ऐसा जे, अर्जदार हा आपले राहते घरी विद्यादान करीत असून..."

येसाजीने डोळे मिटून घेतले. सुंदराने सबंध अर्ज म्हटला. कुठे अडखळली नाही, कुठे गाळलं नाही. 'हुकूम होईपर्यंत सदरहू विद्यादान बंद ठेविले आहे' हेही तिने स्पष्ट म्हटलं आणि शेवटी शेतकऱ्याच्या सहीऐवजी रिवाजाने घालतात ती 'निशाणी नांगर' म्हणून खाली बसली. 

साहेबांनी कारकुनाकडून दप्तरातला अर्ज मागून घेतला, तो पुढे धरून तिला पुन्हा म्हणायला लावलं, आणि अक्षर न् अक्षर जुळल्यावर त्यांचा चेहरा पालटला. मग त्यांनी धूळपाटी मागवली. येसाजीने ती माळ्यावरून काढून आणली. साहेबांनी अवघड अवघड शब्द सांगितले आणि सुंदराने ते लिहिले. अर्जात होते ते सगळे शब्द तिला येत होते, आणि सरकारी अर्जात बहुतेक अवघड शब्द येऊन जातात.

"हे तुम्ही शिकवलंत?" साहेबांनी विचारलं.

"सुरवात मी केली सायेब. बाकीचं कचेरीनं."

डिप्टीसाहेब मनापासून हसले. भला माणूस होता तो, आणि पुढचा सगळा घोटाळा त्याच्या भलेपणानेच झाला. "अशा गावाला शाळा नाही, ही आमचीच चूक," ते म्हणाले. "मी वर जोरदार शिफारस करतो. काळजी करू नका." येसाजीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काळजी कधी करायची असते, हे त्याला अजून कळायचं होतं.

त्या दिवशी गावात गूळ वाटला गेला. पोपटाने तो सगळ्यांत जास्त खाल्ला.

चैत्रात मंजुरी आली, आणि मंजुरीबरोबर मास्तर. खालापुराकडून बदली होऊन आलेले हे रिसबूड मास्तर कोवळ्या वयाचे, काटेकोर आणि स्वभावाने सरळ होते. येसाजीपाशी परीक्षेचा दाखला नव्हता, म्हणून सरकारने शिकवायला दाखलेवाला धाडला होता. येसाजीला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्याला 'ज्ञ'च्या पुढे येतच काय, असं म्हणून त्याने स्वतः गोठा झाडला, मास्तरांना घोंगडी अंथरली आणि सुंदराला तेल लावून, वेणी घालून सगळ्यांत पुढे बसवलं.

मास्तरांनी हजेरीपत्रक उघडून पोरांवरून नजर फिरवली. ती सुंदरावर थांबली.

"ही इथे कशी?"

"तिच्यासाटीच तर हाय समदं, मास्तर."

"ही मुलांची शाळा आहे." मास्तरांनी मंजुरीचा कागद काढला आणि त्यावरून बोट फिरवलं. "हे पाहा. 'डिप्टीसाहेबांचे यादीतील एकवीस मुलगे.' पाठवलेल्या यादीत 'इत्यादी' म्हणून जे होते, ते सगळे आले आहेत. मुलीचं नाव यात नाही."

"आवं, पर अर्जात पयलं नाव तिचंच हाय! तपासनीत बी ती येकटीच बोलली!"

"असेल. शेऱ्यात तिची स्तुतीही आहे. पण पट मुलग्यांचा मंजूर आहे. मुलींसाठी निराळी शाळा लागते. तिच्यासाठी निराळा अर्ज करावा लागेल."

मास्तरांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. कागदात जे होतं, ते त्यांनी सांगितलं. सुंदरा उठली. कुणी हाताला धरून उठवायची वेळ तिने येऊ दिली नाही. बाहेर जाऊन ती आंब्याखाली बैलांजवळ उभी राहिली आणि खिडकीतून आत बघू लागली. आत जनाचे तिन्ही, पोपटाचे दोन्ही, शुक्राचा पोशा, सगळे मांडी घालून बसले होते. तिच्याच गोठ्यात मास्तरांनी 'अ' काढला.

येसाजीने मनात हिशेब मांडला. वर्षभर चालला, वाकला, हात जोडले, बैल उघड्यावर काढले. आणि हे सगळं जिच्यासाठी केलं ती तेवढी बाहेर! तो दुपारपर्यंत गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मुलं सुटली तेव्हा मास्तर त्याच्याजवळ येऊन थांबले. माणूस अगदीच दगड नव्हता.

"पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "तिला असं वाया घालवू नका. घरी शिकवा."

येसाजीने वर पाहिलं. "घरी?"

"म्हणजे तुमच्या घरी. ओटीवर, माजघरात, वाटेल तिथे."

"आनी परवानगी?"

"कसली परवानगी?"

"शिकवायची. मास्तर, कायदा काय सांगतो?"

"काहीच सांगत नाही," रिसबूड मास्तर म्हणाले. "आपल्या घरात आपल्या पोरीला बाप काय शिकवतो, याच्याशी सरकारचा काय संबंध? तसा कायदाच नाही. कधीही नव्हता."

 दारात अंबाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती, हे तिचं तिलाच ठाऊक. येसाजीचा चेहरा पाहून मास्तरांना वाटलं, शेतकरी माणूस आहे, नुसत्या तोंडी बोलण्यावर याचा विश्वास बसत नसावा. सरळ स्वभावाला धरून त्यांनी दप्तर पुन्हा उघडलं, एक कोरा कागद गुडघ्यावर घेतला आणि दौतीचं झाकण काढलं.

"थांबा, मी तुम्हाला तसं लिहूनच देतो," ते म्हणाले. "सही-शिक्क्यासाठी वर पाठवतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको."

येसाजी ताडकन उठला आणि त्याने दोन्ही हातांनी मास्तरांची दौत धरली.

"नको मास्तर! पाया पडतो तुमच्या. तेवढं लिवू नका."

आणि शाई हातावर सांडलेली तशीच घेऊन तो अंगणात गेला, लेकीला उचलून खांद्यावर घेतलं, घरात नेलं आणि आतून कडी घातली.